पुढच्याला होतील

लातूर,
१४ सप्टेंबर २०२४

सौ. विशाखा विहीणबाई यांस,
कमलम्माचे शरणार्थ वि. वि.

बारशाहून आम्ही नीट पोचलो. अहमदपूरला गाडी बंद पडली. दुसरी मिळेस्तोवर मालक स्टँडवर पेपर वाचत बसले आणि मी तुमच्या डब्यातल्या पुऱ्या संपवल्या. त्यांना एक बी ठेवली न्हाई. तुमचं वरण पातळ असतं हे मी गावभर सांगते, आता पुऱ्या चांगल्या असतात हे बी सांगावं लागेल.

मल्लेश म्हणतो, अव्वा, कानातलं यंत्र सारखं काढून ठेवतेस, फोनवर ऐकू येत न्हाई, तर व्हॉट्सॲपवर लिही. पण माझा फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरतो आणि तुमचा मालविकाच्या उशाशी असतो. कागद बरा. हा पोरगा दर रविवारी बायकोपोरीला बघायला नांदेडला येतोच. पाकीट चिकटवून त्याच्या खिशात घालीन.

सृष्टी छान हाय. नाक आमचं, कान तुमचे. माझे कान घेतले न्हाईत ही महादेवाची कृपा. मालविकाजवळ मी बसले होते. तिची पिशवी काढावी लागली हे मल्लेशनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं. पण तिच्यापुढं मी तो विषय काढला न्हाई, तिनं बी काढला न्हाई. एवढं होऊन पोरगी हसत होती. काय काळजाची म्हणावी. पहिलं बाळंतपण माहेरी हा तुमचा हट्ट होता, मी लातूरला करा म्हणत होते. ते आता मनात धरू नका. वार सुटली न्हाई. ती लातुरात बी सुटली नसती.

एक मागणं हाय. मल्लेशची चुलत बहीण मंजुश्री उदगीरला असते. ती दिवाळीच्या सुमारास बाळंत होईल. आमच्यात नव्या बाळाला आधी कोरं घालत न्हाईत, दुसऱ्या लेकराच्या अंगावरचं घालतात. मायलेकी मरणाच्या दारातून परत आल्या, त्या घरचं झबलं लई गुणाचं. सृष्टीला आखूड झालेली असतील ती मल्लेशजवळ द्या.

मालकांचा नमस्कार. माया हाय तशी राहू द्या, दुसरं काही मागत न्हाई.

आपली,
कमलम्मा


नांदेड,
१५ सप्टेंबर २०२४

ती. कमलम्मा विहीणबाई यांस,
विशाखाचा सा. न. वि. वि.

मल्लेशराव जेवून आडवे झाले आहेत. त्यांना परतीची गाडी गाठायची आहे, तेवढ्यात लिहिते.

झबली पाठवू शकत नाही. मी काढून ठेवली होती. मालविकेने ती मागून घेतली, पुन्हा धुतली, घड्या घातल्या, कडुनिंबाचा पाला घालून माझ्या जुन्या साडीत बांधली आणि माळ्यावर ठेवायला सांगितली. म्हणाली, पुढच्याला होतील.

तिला माहीत नाही.

हे तुम्हाला बारशाच्या दिवशीच सांगायला हवे होते. सांगायला तुमच्या कानाशी ओरडावे लागले असते, आणि ती आतल्या खोलीत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी अंगात रक्त भरू द्या, मग घरच्यांनीच सावकाश सांगा. मल्लेशराव म्हणाले, घरी येऊ दे. आमच्या ह्यांचे म्हणणे पडले की बारसे होऊन जाऊ दे. बारसे झाल्यावर मी म्हणाले, पितृपक्ष जाऊ दे. असे ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेले. वार निघेना म्हणून पोट उघडावे लागले, एवढेच तिला सांगितले आहे. फाइल मल्लेशरावांनी विम्याच्या कामासाठी म्हणून लातूरला नेली.

तुम्ही त्या दिवशी नव्हता. सिस्टरने थिएटरच्या दारात ट्रे आणून दाखवला. नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे म्हणे. मला वाटत होते मुठीएवढे काही असेल. लहान पपईएवढे होते. मग ते बरणीत घालून मल्लेशरावांच्या हातात दिले. समोरच्या लॅबमध्ये तपासणीला पोचवायचे होते. ते बरणी पोटाशी धरून रस्ता ओलांडत होते आणि रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी आजवर एक शब्द बोललेले नाहीत. मीही नाही.

मी दमले आहे. बाळ दिवसा झोपते, मालविका तेव्हाही जागी असते. तुम्हाला विनंती एवढीच, तुम्हीही बोलू नका. दिवाळीला ती तुमच्याकडे येईल. तोवर तिच्या अंगात ताकद येईल. मग बघू.

मंजुश्रीला आशीर्वाद. आमच्यावरचा लोभ या पत्राने कमी होऊ नये.

आपली,
विशाखा


लातूर,
२१ सप्टेंबर २०२४

सौ. विशाखा विहीणबाई यांस,
कमलम्माचे शरणार्थ वि. वि.

पत्र वाचलं. मल्लेशला जेवायला वाढलं न्हाई. नंतर वाढलं.

मल्लेश एकटा का, हे तुम्ही लग्न ठरवताना मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, देवाची मर्जी. आता खरं सांगते.

मल्लेश पायानं चालायला लागला होता. माझ्या अंगावरून लई जाऊ लागलं. इथल्याच एका दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आले तवा आमच्या अत्याबाई, म्हणजे मल्लेशची आजी, उशाशी होत्या. म्हणाल्या, गाठ होती, काढली. मालक पायथ्याशी उभे होते. त्यांनी मान हलवली. मी सातवी शिकलेली. गाठ म्हणाल्या, मी गाठ समजले.

पाळी आली न्हाई. विचारलं तर म्हणाल्या, आपरेशनानं थांबली, औषधानं येईल. वैद्याचा काढा सुरू केला. पाळी न्हाई म्हणून मधनंच मला वाटायचं, राहिलं. आंबट खायची. कोणाला सांगायची न्हाई, दृष्ट लागेल म्हणून. मंग काहीच व्हायचं न्हाई. असं किती वेळा झालं ते मला बी सांगता येत न्हाई.

शिवरात्रीच्या जत्रेत हातभर लाकडी पाळणे विकायला येतात, नवसाचे. अत्याबाई स्वतः जाऊन आणायच्या. दोन-चार दुकानं फिरून, रंग बघून, कड्या हलवून बघून. मी ओल्या लुगड्यानं तो महादेवाला वाहायची. दर साली एक. मालक पुढं होऊन गर्दीतनं वाट करून द्यायचे.

अत्याबाई गेल्यानंतर माझं पोट दुखायला लागलं म्हणून मल्लेशनं सोनोग्राफीला नेलं. डॉक्टरीण पोरगीच होती. पडद्याकडं बघत म्हणाली, मावशी, पिशवी कधी काढली? मी म्हटलं, न्हाई बाई, माझी हाय. तिनं माझ्या पोटावरची खूण बघितली आणि मंग माझ्याकडं बघितलं. तवा मला ऐकू येत होतं.

अत्याबाई वाईट न्हवत्या. माझ्या जिवाला लागेल म्हणून गप्प बसल्या. पण एकदा गप्प बसलं की पुढच्या साली पाळणा आणावाच लागतो.

मालविकानं झबली माळ्यावर ठेवली. विहीणबाई, ती तुम्हीच वर चढून ठेवली असतील. तिला टाके हायेत.

सांगा तिला. एवढं माझं ऐका. मंग लोभ काय, जीव बी तुमचाच.

आपली,
कमलम्मा


नांदेड,
२९ सप्टेंबर २०२४

ती. कमलम्मा विहीणबाई यांस,
विशाखाचा सा. न. वि. वि.

झबली मीच ठेवली. स्टुलावर चढून.

तुमचे पत्र वाचले. तुमच्याबरोबर झाले ते वाईट झाले. पण विहीणबाई, रागावू नका, त्यात आणि यात फरक आहे. तुम्हाला फसवले. आम्ही थांबलो आहोत. मालविका कॉलेजात शिकवते, तिला कुणी काढा देणार नाही. तिच्या अंगात अजून रक्त नाही. जिना चढली तर भिंतीला धरून उभी राहते. ती माझी मुलगी आहे, वेळ मला ठरवू द्या.

परवा बसले होते तिच्याजवळ. ठरवून बसले होते. तिने सृष्टीला माझ्या मांडीवर दिले आणि म्हणाली, आई, अंगावर पाजते आहे तोवर पाळी येत नाही ना, बरेच आहे, मधे पाच वर्षे तरी जाऊ देणार आहे मी. मी म्हणाले, हो, जाऊ दे.

मी हो म्हणाले. तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच लिहिते.

बाकी ठीक. आपला लोभ आहे म्हणूनच इतके लिहवले.

आपली,
विशाखा


लातूर,
५ ऑक्टोबर २०२४

सौ. विशाखा विहीणबाई यांस,
कमलम्माचे शरणार्थ वि. वि.

फरक हाय म्हणता. असेल. किती दिवस टिकतो तेवढं बघा. आता पाच वर्षांची सोय झाली.

वेळ तुम्ही ठरवा. माझा हक्क न्हाई, म्हणून मी तिला सांगणार न्हाई. पण मी मान बी हलवणार न्हाई. ती दिवाळीला इथं येईल, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसेल, भाजी निवडता निवडता म्हणेल, अव्वा, पुढच्या वेळी तुमच्याकडंच करू बाळंतपण. मला ऐकू येत न्हाई, पण तिच्या ओठांवरून मला सगळं कळतं. तवा मी काय करू? कुठं बघू?

अत्याबाईंच्या जागेवर मला बसवू नका. सांगितल्याशिवाय तिला माझ्या घरी पाठवू नका. मल्लेशला बी तसंच सांगितलं हाय. तो म्हणाला, अव्वा, लोक काय म्हणतील, पोरगी झाली म्हणून सुनेला घरात घेत न्हाई म्हणतील. म्हणू दे. चार घरी बोलणं सुरू बी झालं असेल, मला ऐकू येत न्हाई ते बरंच हाय.

वरणात डाळ जास्त घालत चला. ती अशक्त हाय.

रागवा, पण तुटू नका.

आपली,
कमलम्मा


नांदेड,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. अव्वा यांस,
मालविकेचा शि. सा. न.

काल दसरा झाला. मल्लेश सोने द्यायला आला आणि दिवसभर तोंड पाडून बसला. खोदून विचारले तेव्हा सांगितले, अव्वा म्हणते दिवाळीला येऊ नको.

मी आईला विचारले. ती उठून ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता. बाबांना विचारले तर ते म्हणाले, तुझ्या सासूबाईंचा स्वभाव तुला माहीत आहे. अव्वा, मला तो माहीत आहे असेच वाटत होते. आमच्या लग्नात दोन्ही घरचे नातेवाईक फुगून बसले होते, तेव्हा तुम्ही मांडवात माझा हात धरून म्हणाला होता की जात गेली खड्ड्यात, हिला भाकरी थापता येते का तेवढं सांगा. येत नव्हती. तरी घेतलीत.

मग आता काय झाले? मुलगी झाली म्हणून का? तुम्ही तशा नाही. पण सध्या माझ्याकडे कोणीच सरळ बघत नाही. मल्लेश बघत नाही, आई बघत नाही, तपासायला गेले तर डॉक्टरीणबाईसुद्धा कागदाकडे बघून बोलतात. तुम्ही बारशाला आला होता, तेव्हा तुम्ही एकट्याच नीट बघत होता. म्हणून तुम्हालाच विचारते. माझे काय चुकले?

सृष्टी आता हसते. तिला आजीचे घर बघायचे आहे.

तुमची माया होती, ती कुठे ठेवलीत तेवढे कळवा.

तुमची,
मालविका


लातूर,
१९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. मालविका हिस,
अव्वाचे अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलं न्हाई. पोरगी झाली म्हणून मी पेढे न्हाई, म्हैसूरपाक वाटला, तो बी तुपातला. मालकांना विचार.

माया जिथल्या तिथं हाय. घर तुझं हाय. पण तू यायच्या आधी तुला एक गोष्ट कळायला पाहिजे, आणि ती मी सांगायची न्हाई. तुझ्या आईपुढं बस. तिचा हात धर, म्हणजे तिला उठून ओटा पुसता येणार न्हाई. आणि जे मला विचारलं ते तिला विचार. तिनं वेळ लावला तर लावू दे. ती वाईट न्हाई, दमलीय.

भाकरी अजून येत न्हाई, ते बी मला माहीत हाय.

आशीर्वाद हायेतच.
अव्वा


नांदेड,
२० ऑक्टोबर २०२४

ती. कमलम्मा विहीणबाई यांस,
विशाखाचा सा. न. वि. वि.

सांगितले.

तिने हात धरला होता. मी ट्रेपासून सुरुवात केली, दुसरे काही सुचले नाही. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, सही कुणी केली? मी म्हणाले, मल्लेशरावांनी. तिने विचारले, केली नसती तर? मी म्हणाले, तू राहिली नसतीस. मग ती म्हणाली, एवढेच तर सांगायचे होते.

नंतर तिने सृष्टीला पाजले. मला खोलीतून जायला सांगितले.

तुमचे ते पाळण्याचे पत्र मी तिला वाचायला दिले. विचारायला हवे होते. क्षमा असावी.

मला वाटले होते हलके वाटेल. तसे काही वाटत नाही. फक्त झोप येते आहे.

आपली,
विशाखा


नांदेड,
३ नोव्हेंबर २०२४

ती. अव्वा यांस,
मालविकेचा शि. सा. न.

दिवाळीला आले नाही, त्याबद्दल रागावला नसालच. आईशी बोलत नव्हते. आता बोलते, कामापुरते. ती वरण घट्ट करायला लागली आहे.

मला अगदीच काही कळले नव्हते असे नाही. शिकलेली आहे. फाइल नाही, सगळे गप्प, टाके इतके. विचारले नाही. विचारले नाही तोवर ते झालेले नव्हते. झबली तरीही बांधली. आईवर चिडून मी दोन दिवस जेवले नाही. मग लक्षात आले, गप्प मीही बसलेच होते.

मल्लेशला मी विचारले, बरणी काचेची होती की प्लास्टिकची. एवढेच विचारले. तो सृष्टीच्या दुपट्यात तोंड घालून रडला. मग म्हणाला, प्लास्टिकची. पांढरे झाकण. रस्त्यात कुणाचा धक्का लागू नये एवढेच डोक्यात होते, म्हणाला.

गाठोडे त्याच्याबरोबर पाठवते आहे. मंजुश्रीताईंच्या बाळाला घाला. मी ते सोडले नाही. सोडले असते तर पाठवले नसते. तुम्ही सोडा.

पुढच्या रविवारी सृष्टीला घेऊन येते. मी बोलेन. मान हलवू नका, काय म्हणायचे ते म्हणा.

अव्वा, तुम्ही मामंजींना कधी विचारलेत का?

लोभ शाबूत आहे, हे मला आता कळले.

तुमची,
मालविका


लातूर,
९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मालविका हिस,
अव्वाचे अनेक आशीर्वाद.

गाठोडं पोचलं. मंजुश्रीला मुलगा झाला, दोघं बरी हायेत. मी स्वतः उदगीरला गेले आणि गाठ तिथंच सोडली. तुझी गाठ लई पक्की. दातानं सोडावी लागली. पाला झटकला आणि पिवळं झबलं त्याला घातलं. त्याला ते मोठं होतंय. बाह्यांत हात सापडत न्हाईत. मंजुश्री म्हणाली, होईल अंगाला. मी म्हटलं, होईल.

तू विचारलंस, मालकांना कधी विचारलं का. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच विचारलं होतं. पाडव्याला त्यांना पाटावर बसवलं, ताट हातात घेतलं आणि म्हटलं, तुम्हाला माहीत होतं का? कशाबद्दल ते सांगावं लागलं न्हाई. ते बोलायला लागले. लई वेळ बोलले. इतकं बोलताना त्यांना मी कधी बघितलं न्हवतं. मधे त्यांनी डोळे पुसले, मंग परत बोलले.

कानातलं यंत्र मी आधीच काढून फडताळात ठेवलं होतं. ओठांकडं बी बघितलं न्हाई, निरांजनाकडं बघत होते. वात विझत आली तवा तेल घातलं आणि ओवाळलं.

गाडी अहमदपूरला थांबते, तिथं उतरू नको, धूळ लई हाय. बाळाला टोपडं घाल. तुझ्या आईला बी घेऊन ये, तिला चार दिवस इथं झोपू दे. वरण मी करीन.

तू येशील तवा यंत्र लावून बसते.

अव्वा